तपकिरी डोळ्यांचा आरोपी

हिंदुराव आले होते बाथरूमची गळती बघायला, आणि जाताना ओव्हाळसाहेबांची झोप घेऊन गेले.

हिंदुराव म्हणजे पुण्याजवळ मांजरी गावात ओव्हाळ राहत त्या सोसायटीचे चेअरमन. जिथे आज बिल्डिंगा उभ्या आहेत तिथे एकेकाळी त्यांच्या घरचा ऊस होता. जमीन बिल्डरला दिली त्याला बरीच वर्षं लोटली, पण मनातलं खरेदीखत अजून झालेलं नव्हतं. लोकांच्या फ्लॅटमध्ये ते अशा पावलांनी शिरत, जणू शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोचलंय का ते बघायला आलेत. गळती पाहून झाली, प्लंबरच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला, चहा आला. मग त्यांची नजर गॅलरीत गेली. तिथे राजमा कोथिंबिरीच्या काड्या चावत बसला होता.

राजमा हा ससा. रंगानं तपकिरी म्हणून ओव्हाळांच्या मुलीनं, तेजस्विनीनं, त्याला हे नाव दिलेलं. ती नोकरीला बंगळुरूला गेली आणि ससा मागे राहिला. मुलांचे जुने बूट आणि सुटलेले छंद आईबापांकडेच जमा होतात, तसा.

"साहेब, ह्यो कुठं घावला तुमाला?" हिंदुरावांनी विचारलं.

"मुलीचा आहे. पाळीव."

"पाळीव?" हिंदुराव हसले. "डोळं बघा की त्याचं. पाळीव सशाचं डोळं लाल असत्यात, गुंजंवानी. ह्याचं तपकिरी हायती. ह्यो रानातला हाय. ह्याच रानात आमच्या आज्यानं कुत्री घालून धरल्यात ससं, मला सांगताय व्हय."

"म्हणजे काय होतं?"

"म्हंजी केस होती. रानातला ससा घरात ठिवता येत नाय. लोणीच्या फुडं परवा एकाला नेला वनखात्यानं. पेपरात फोटू. हातात ससा, तोंडाला रुमाल." त्यांनी कपातला शेवटचा घोट घेतला आणि कप बशीत पालथा घालावा इतक्या समाधानानं खाली ठेवला. "पन आपन काय कुणाला सांगत नाय."

ओव्हाळांनी आयुष्य सरकारी कचेरीत काढलं होतं. ‘कुणाला सांगत नाही’ असं कुणी म्हणालं की ते परिपत्रकच समजायचं, हे त्यांना ठाऊक होतं.

शरच्चंद्र ओव्हाळ एका सरकारी कार्यालयात अधीक्षक होते आणि येत्या उन्हाळ्यात निवृत्त व्हायचे होते. माणसांचा जमाखर्च मांडायला बसलं तर त्यांच्या जमेच्या बाजूला एक मोठी ठळक नोंद पडते: इतक्या वर्षांत एकही ठपका नाही. ना मेमो, ना ताकीद, ना उशिराचा शेरा. खर्चाच्या बाजूला काय पडलं ते त्यांच्या बायकोला विचारावं. गाडी पार्क करताना ते पांढऱ्या रेषेच्या आत दोन्ही बाजूंना सारखी जागा सुटली का हे उतरून बघत. लग्नाच्या पंगतीत दुसऱ्यांदा जिलबी घेताना इकडेतिकडे पाहत.

पण ही भीती त्यांची स्वकष्टार्जित नव्हती, वारसाहक्कानं आलेली होती. त्यांचे वडील हडपसरच्या कारखान्यात पोती उचलत. मुलगा नोकरीवर रुजू व्हायला निघाला त्या सकाळी बाबासाहेबांच्या तसबिरीला फूल वाहून झाल्यावर ते म्हणाले होते, "शरद, दुसऱ्यांच्या चुका पुसल्या जातात. आपल्या चुका फ्रेम करून भिंतीला लावतात. बोट ठेवायला जागा ठेवू नको." शरदनं ठेवली नाही. आणि आता नोकरी संपता संपता ही जागा गॅलरीत बसून कोथिंबीर खात होती.

शर्मिलाबाई महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. नवऱ्याच्या भीतीची त्यांना सवय होती, जशी काही बायकांना नवऱ्याच्या घोरण्याची असते.

"अहो, एवढं वाटतंय तर प्राण्यांच्या डॉक्टरला विचारा ना."

"डॉक्टर केसपेपर काढतो, शर्मिला. केसपेपर म्हणजे नोंद. लेखी विचारलं की आवक क्रमांक पडतो. आवक क्रमांक पडला की त्याचं प्रकरण होतं. आणि प्रकरण झालं की ते कुणाच्या तरी टेबलावर जाऊन बसतं."

"मग तोंडी विचारा."

"तोंडी विचारलं की म्हणणार, घेऊन या."

"तुमच्या ऑफिसात लोकांची कामं कशी होतात हो?"

"होत नाहीत," ओव्हाळ खरं बोलून गेले.

सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तासांहून जास्त कोठडीत राहिला की तो आपोआप निलंबित मानला जातो, हा नियम त्यांना पाढ्यासारखा पाठ होता. त्यांनी तो आयुष्यभर दुसऱ्यांना लावला होता. आता तो नियम त्यांच्याच घरात, त्यांच्याच सोफ्यावर येऊन बसला. अटक शुक्रवारी झाली तर? शनिवार-रविवार कोर्टाला सुट्टी. ते विचार करत आणि त्यांच्या तळहाताला घाम येई. रुमाल काढला की तोंडाला रुमाल बांधलेला तो पेपरातला माणूस आठवे.

फोनवर त्यांनी एकदाच शोधलं. सशांचे फोटो निघाले: लाल डोळ्यांचे, काळ्या डोळ्यांचे, कुणाचे आभाळासारखे निळे. कुठला पाळीव आणि कुठला रानातला, कशाचा मेळ लागेना. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय शोधलं हे फोनमध्ये राहतं. त्यांनी ते पुसून टाकलं. मग लक्षात आलं की पुसून टाकणं हेच संशयास्पद दिसतं. तेव्हा त्यांनी फोन कपाटात चादरीखाली ठेवला. तो तिथे वाजू लागल्यावर शर्मिलाबाईंनी बाहेर काढून दिला.

फोन तेजस्विनीचा होता.

"तेजू, हा ससा तू कुठून आणलास?"

"ऋषीनं दिला ना बाबा. कॉलेजमधला. हॉस्टेल सोडताना."

"आणि त्याला कुठून मिळाला?"

"काय माहीत. त्याचं हॉस्टेल लोणी काळभोरला होतं, तिथेच कुठेतरी. का? राजमा ओके आहे ना?"

"लोणीला? शेताजवळ?"

"बाबा, तिथे सगळंच शेताजवळ आहे. चिल."

लोणी. जिथून त्या माणसाला नेला तेच लोणी. ओव्हाळांनी चिल व्हायचा प्रयत्न केला आणि त्यांना हुडहुडी भरल्यासारखं झालं.

एवढे दिवस त्यांनी राजमाच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं नव्हतं. आता दुसरं काही दिसेना. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. तो समोर बघतोय की मागे हे कळत नाही, त्यामुळे तो कायम आपल्याकडेच बघतोय असं वाटतं. ओव्हाळ पेपर वाचायला बसले तरी तो डोळा त्यांच्यावर. उकळलेल्या चहासारखा तपकिरी, भोवती जरा फिकट कडा. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून बघावं तसा. एका संध्याकाळी त्यांनी मोबाइलचा दिवा लावून डोळ्यात उजेड टाकला आणि एकदम त्यांच्या जिवात जीव आला. आतून डोळा लाल चमकला होता. घाईघाईनं त्यांनी फोटो काढला आणि स्वयंपाकघरात नेऊन दाखवला.

"हे बघ. लाल."

शर्मिलाबाईंनी चष्मा वर केला. "माझ्या बहिणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये तुमचेही असेच लाल आलेत. मग तुम्ही कुठले, पाळीव की रानातले?"

"थट्टा नको."

"थट्टा नाही करत." त्यांनी गॅस बारीक केला. "डोळ्यांच्या रंगावरून जन्म ठरवायचा, आणि जन्मावरून कोठडी. आणि हे कोण करतंय? तुम्ही?"

हे वाक्य लागायला हवं होतं. एरवी लागलंही असतं. पण माणूस घाबरला की त्याच्या कातडीला जाडी येते आणि आतलं सगळं पातळ होतं. ओव्हाळांनी फोटो पुसला.

याच सुमारास सोसायटीच्या ग्रुपवर संदेश आला. मांजरीच्या उसात बिबट्या दिसला आहे. रविवारी संध्याकाळी वनविभागाचे कर्मचारी आपल्या सोसायटीत येऊन मार्गदर्शन करतील. सर्वांनी क्लबहाउसमध्ये उपस्थित राहावे.

ग्रुपवर धुमाकूळ माजला. कुणी मुलांना खाली पाठवायचं बंद केलं, कुणी पार्किंगला जाळी मागितली, तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी बिबट्या किती उंच उडी मारतो याचा व्हिडिओ टाकून चौथ्या मजल्याची झोप उडवली. सगळी सोसायटी बिबट्याला घाबरली. एकटे ओव्हाळ असे होते की त्यांना त्या संदेशात बिबट्या दिसलाच नाही. त्यांना फक्त ‘वनविभाग’ दिसला, आणि क्लबहाउस दिसलं, जे बरोबर त्यांच्या गॅलरीखाली होतं. मान वर केली की राजमा. खाकी वर्दीतला माणूस मान वर करणार नाही असं कसं धरून चालायचं?

त्यात हिंदुरावांचा वेगळा निरोप आला: ‘साहेब रविवारी गॅलरीचं दार लावून घ्या’. पुढे हसऱ्या तोंडाचं चित्र. हिंदुराव गंमत करत होते. हिंदुरावांच्या जमेला गंमत फार होती. ती कुणाच्या खाती खर्ची पडते हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

ओव्हाळांनी निर्णय घेतला. त्यांच्या डोक्यात तो असा तयार झाला: सदर प्राण्यास नैसर्गिक अधिवासात मुक्त करणे. असं म्हटलं की वाईट वाटत नाही. ‘राजमाला उसात टाकून येणे’ असं म्हटलं असतं तर त्यांचे पाय उचलले नसते. त्यांच्या खात्यात माणसांच्या घरांवर बुलडोझर जायचा तोही असाच जायचा, ‘निष्कासन’ होऊन.

रविवारी दुपारी शर्मिलाबाई विहारात महिला मंडळाच्या बैठकीला गेल्या. ओव्हाळांनी भाजीची कापडी पिशवी घेतली, तळाशी जुना टॉवेल घातला, राजमाला आत ठेवला आणि सोसायटीच्या गेटमधून अशा चालीनं बाहेर पडले की वॉचमननं मुद्दाम उठून विचारलं, "साहेब, बरं नाही का?"

स्वतःची गाडी नेली नाही. नंबर कुणीही टिपून घेतो. हडपसरला येऊन त्यांनी लोणीकडे जाणारी बस पकडली. खिडकीची जागा मिळाली. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. शेजारी एक बाई येऊन बसल्या, कंडक्टर त्यांना कांताबाई म्हणत होता, रोजच्या असाव्यात. त्यांच्या मांडीवर मेथीच्या जुड्यांची टोपली होती. सोलापूर रस्त्यावर बस नेहमीसारखी तुंबली. प्रत्येक थांब्यावर ओव्हाळ दाराकडे बघत. एका चौकात वाहतूक पोलीस दिसला. त्यांनी तोंड फिरवलं आणि रुमाल काढला, आणि रुमाल बघून परत खिशात घातला.

"अहो दादा," कांताबाई म्हणाल्या.

"काय?"

"तुमची पिशवी माझी मेथी खातीय."

ओव्हाळांनी खाली पाहिलं. पिशवीच्या बंदांमधून एक नाक बाहेर आलं होतं आणि मेथीचं पान झपाझप आत चाललं होतं.

"ससा हाय व्हय? बघू. अगं बाई, डोळं किती गोड हायती. कुठं चालवलाय?"

"डॉक्टरकडे."

"काय झालंय?"

"डोळे," ओव्हाळ म्हणाले. खोटं बोलायची सवय नसली की माणूस खऱ्याच्या फार लांब जात नाही.

"दिसत नाय का?"

"दिसतं. रंग बरोबर नाही."

कांताबाईंनी राजमाकडे पाहिलं, मग ओव्हाळांकडे जास्त वेळ पाहिलं. मग मेथीची एक काडी मोडून पिशवीत घातली. "रंगाला काय करायचंय," त्या म्हणाल्या. "दिसतंय न्हवं." आणि त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. ओव्हाळांना वाटलं, हिला आपला चेहरा आठवेल. उद्या विचारलं तर ही सांगेल.

लोणीच्या अलीकडे ते उतरले आणि कालव्याच्या कडेनं आत चालत गेले. रस्त्याचा आवाज मागे राहिला. दोन्ही बाजूंना ऊस, डोक्याच्या वर हातभर. वारा नव्हता तरी पानं एकमेकांवर घासत होती. एका बांधाशी जागा बरी वाटली, म्हणजे तिथून कुणी दिसत नव्हतं. त्यांनी पिशवी आडवी केली.

त्यांची कल्पना अशी होती की ससा बाणासारखा सुटेल. सिनेमात तसंच दाखवतात. पिंजरा उघडला की पाखरू आभाळात. राजमा पिशवीतून बाहेर आला, दोन पावलं टाकली, बसला आणि तोंड धुऊ लागला. मग ओव्हाळांच्या बुटाशी येऊन नाडी हुंगली.

"जा," ओव्हाळ म्हणाले.

राजमा त्यांच्याकडे बघत राहिला. किंवा मागे बघत राहिला. कळायला मार्ग नव्हता.

"जा ना बाबा. हे तुझंच आहे सगळं."

शेवटी त्यांनी जमिनीवर पाय आपटला. राजमा दचकला, गोल वळला आणि उसाच्या दोन ओळींमधल्या अंधारात शिरला. पानं हलली आणि थांबली.

झालं. निष्कलंक. ओव्हाळांनी पिशवीची घडी केली. छातीवरचा दगड उतरायला हवा होता. तो तिथेच होता, फक्त त्यानं कूस बदलली होती. ते परत निघाले, आणि कालव्याच्या वळणावर झाडाला ठोकलेला पत्र्याचा फलक त्यांना दिसला. येताना पाठीमागून आले म्हणून दिसला नव्हता. सूचना वाचल्याशिवाय ते लिफ्टमध्येसुद्धा पाय ठेवत नसत; आयुष्यात पहिल्यांदा काम आधी झालं आणि सूचना नंतर वाचली. सावधान. या भागात बिबट्याचा वावर आहे. उसाच्या शेतात एकट्याने जाऊ नये.

वनखात्याच्या भीतीखाली इतके दिवस बिबट्याची भीती दबून पडली होती. ती आता उठून उभी राहिली.

त्यांनी स्वतःची समजूत घातली. रानातला ससा बिबट्याच्या शेजारीच जन्मतो. त्याला कळतं कुठे पळायचं. ही निसर्गाची व्यवस्था आहे, आपण त्यात...

बांधाजवळचा ऊस खसकन हलला आणि एक ससा बाहेर पडला. ओव्हाळांच्या तोंडून "राजमा" निघालं आणि अर्ध्यावर थांबलं. हा राजमा नव्हता. हा नुसता पायांचा होता. लांब, काटकुळा, मानेच्या मागे काजळ फासल्यासारखा काळा डाग, कान जणू दुसऱ्या कुणाचे उसने आणलेले. बांधावर तो क्षणभर थबकला, एका बाजूनं ओव्हाळांकडे पाहिलं, आणि त्यांनी त्याचा डोळा पाहिला. तपकिरी. अगदी राजमासारखाच. मग त्यानं उडी घेतली ती उडी कुठे टेकली हेही दिसलं नाही.

रानातला ससा असा असतो. आणि त्यांनी ज्याला सोडला तो गोल डब्यासारखा बसून तोंड धुणारा, मिक्सरच्या आवाजाला घाबरणारा, माणसाची नाडी हुंगणारा. दोघांचा डोळा एक, बाकी काहीच एक नाही. ज्या एका खुणेवर त्यांनी निकाल दिला होता ती खूण दोघांकडे सारखीच होती.

दुसरा विचार त्याच्या मागोमाग आला आणि तो पहिल्याहून थंड होता. हा ससा कशाला भिऊन पळाला?

ओव्हाळ उसात शिरले.

कुणी त्यांना सांगितलं असतं की तू असा शिरशील, तर त्यांनी लेखी मागितलं असतं. आत दुपार संपलेली होती. पानांच्या कडा गालाला, मनगटाला चिरत होत्या. पायाखाली ओला चिखल आणि वाळलेलं पाचट, प्रत्येक पावलाला आवाज. "राजमा," ते हाक मारत, मोठ्यानं नाही, एखाद्या साहेबाच्या केबिनबाहेरून मारावी तशी. "राजमा. ये रे." काही हललं नाही. दोन ओळी ओलांडल्यावर आपण कुठून आलो हे त्यांना कळेना. सगळ्या दिशा सारख्या हिरव्या.

मग शेजारच्या ओळीत ऊस कलला. एक कांडं, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. वाऱ्यानं कलतं तसं नाही. काहीतरी अंग घासत, घाई न करता चाललं होतं. ओव्हाळ थांबले. तेही थांबलं. एक वास आला, ओल्या गोणपाटासारखा, उग्र. ते तसेच खाली बसले, पाचटात, उकिडवे. वडिलांचं कुठलंच वाक्य या जागेसाठी नव्हतं.

धप्प.

अगदी जवळ, पुढे डावीकडे. पुन्हा: धप्प. मिक्सर लावला की राजमा गॅलरीत असाच मागचा पाय फरशीवर आपटायचा. धोका आहे, सगळ्यांनी सावध व्हा, असं सगळ्या घराला सांगायचा. ओव्हाळ हातापायांवर पुढे सरकले. राजमा उसाच्या बुडख्याला चिकटून बसला होता, कान पाठीवर आडवे, डोळे इतके मोठे की तपकिरीभोवती पांढरं दिसत होतं. पळायचं कुठे हे त्याला माहीत नव्हतं. ओव्हाळांनी त्याला उचलला आणि सदऱ्याशी धरला. पाठ वळवायचा धीर होईना, म्हणून ते ज्या बाजूला ऊस कलला होता तिकडे तोंड करून, उलट्या पावलांनी, उजेड दिसेल तिकडे सरकत राहिले.

पाठीला मोकळी हवा लागली. बांध आला. आणि मागून इंजिनाचा आवाज आला.

कालव्याच्या रस्त्यावर हिरवी जीप उभी होती. दारावर वनविभाग लिहिलं होतं. खाकी वर्दीतली एक मुलगी, तेजस्विनीच्याच वयाची, हातात कसलीशी पेटी घेऊन उतरत होती. छातीवर नावाची पट्टी: नम्रता.

"काका, उसातून कुठून आलात? बोर्ड वाचला नाही?"

"वाचला," ओव्हाळ म्हणाले. "उशिरा."

"आणि हातात काय आहे?"

अजूनही हात सैल सोडता आला असता. ससा खाली पडला असता, उसात गेला असता, आणि ओव्हाळ फिरायला आलेले एक गृहस्थ उरले असते. हे त्यांना त्या क्षणी स्वच्छ दिसलं. अशा वाटा दिसण्यातच त्यांची हयात गेली होती. त्यांनी राजमाला जरा घट्ट धरलं.

"माझा ससा आहे."

नम्रता सशाकडे बघत नव्हती. ती बांधाच्या खालच्या चिखलाकडे बघत होती. तिथे ओव्हाळांच्या बुटांचे ठसे होते, आत जाणारे. त्यांच्या शेजारून, काही ठिकाणी त्यांच्यावरून, दुसरे ठसे गेले होते. गोल, रुंद, नखं नसलेले. त्यांत पाणी अजून भरत होतं.

"हे तुम्ही शिरलात तेव्हा होते?"

"मी खाली बघितलं नव्हतं."

"तुमच्या नंतरचे आहेत," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता. "काका, पळू नका. उसाकडे पाठ करू नका. हळूहळू येऊन गाडीत बसा."

ओव्हाळ बसले. दार लागलं. ड्रायव्हरनं जीप मागे घेतली, आणि ती पेटी, म्हणजे बिबट्याचे फोटो काढणारा कॅमेरा, न लावताच ते निघाले. नम्रतानं फोनवर कुणाला तरी जागा सांगितली, माणसं पाठवायला सांगितली. तिचं बोलणं संपल्यावर ओव्हाळांनी घसा साफ केला.

"माझं नाव शरच्चंद्र ओव्हाळ. शासकीय सेवेत आहे. हा ससा माझ्या घरात दोन वर्षं आहे. कुठून आला हे मला सांगता येत नाही. रानातला निघाला तर जी काय कारवाई असेल ती माझ्यावर करा. पण याला इथे सोडू नका. याला पळता येत नाही."

नम्रता मागे वळली. पहिल्यांदा तिनं राजमाकडे नीट पाहिलं, आणि मग ओव्हाळांकडे, चष्मा हरवल्याची तक्रार देणाऱ्याच्याच डोक्यावर तो चष्मा दिसावा तसं.

"काका, हा रानातला आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"डोळे तपकिरी आहेत म्हणून. पाळीवांचे लाल असतात ना?"

"काहींचे. ज्यांच्या अंगात रंगच नसतो त्यांचे. डोळ्यातलं रक्त दिसतं, म्हणून लाल. बाकी कसेही असतात. माझ्या आत्याकडे ससे होते ना, एक पांढरी होती निळ्या डोळ्यांची, तिची दोन्ही पिल्लं तपकिरी डोळ्यांची. आणि आणखी एक होता, त्याचा एक डोळा निळा, एक तपकिरी, तो सगळ्यांचा लाडका. रानातल्याचे तपकिरी असतात हे खरं आहे. म्हणून तपकिरी असेल तो रानातला, हे कुठलं गणित? कोण म्हणालं?"

"आमचे चेअरमन."

"त्यांचे कसे आहेत?"

"काय?"

"डोळे."

ओव्हाळांनी आठवून पाहिलं. "तपकिरी."

"मग त्यांनाही सोडायचं का उसात?"

ड्रायव्हर इतका हसला की जीप जरा कडेला गेली. ओव्हाळांना हसायचं होतं, पण तोंडाचे स्नायू अजून त्यांच्या हुकमात आले नव्हते. खिडकीतून ऊस मागे पळत होता आणि ते काच पुन्हा पुन्हा वर करून बघत होते, ती आधीच पूर्ण वर होती.

"आम्ही मांजरीलाच चाललोय, मीटिंगला. तुम्हाला घरी सोडते," नम्रता म्हणाली. मग जरा थांबून, "घाबरलात फार?"

"मी नाही," ओव्हाळ म्हणाले. "हा घाबरलाय. बघा, कसा थरथरतोय."

नम्रतानं पाहिलं. राजमा त्यांच्या मांडीवर पाय पोटाखाली घेऊन बसला होता आणि सदऱ्याचं तिसरं बटण सावकाश, मन लावून कुरतडत होता.